शब्द दिला त्याने, किल्ली होती दुसऱ्याकडे

पेनसिल्व्हेनियात मतदार म्हणून नाव नोंदवताना अर्जावर एक प्रश्न येतो: तुमचा पक्ष कोणता? डेमोक्रॅटिक, रिपब्लिकन, एकदोन छोटे पक्ष आणि शेवटी ‘कुठलाच नाही’. अमेरिकेचं नागरिकत्व घेतल्यावर मी पहिल्यांदा हा अर्ज भरला तेव्हा त्या शेवटच्या चौकोनात खूण केली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आपण कुणाला बांधील नाही. ज्याचं म्हणणं पटेल त्याला मत.

पुढे एका राष्ट्राध्यक्षाला मी याच हिशोबाने मत दिलं. त्याने सांगितलेल्या गोष्टींपैकी दोन माझ्या घरापर्यंत पोचणाऱ्या होत्या. चार वर्षं संपली, दोन्ही झाल्या नाहीत. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की निम्मे वाचक त्याची बाजू मांडायला धावतील, उरलेले ‘तरी सांगत होतो’ म्हणतील, आणि मूळ विषय बाजूला राहील. मला शोधायचं होतं ते वेगळंच: मी जो चिडलो, तो बरोबर माणसावर चिडलो का? आणि बरोबर कारणासाठी? शोधता शोधता अमेरिकेचा कारभार कसा चालतो हे थोडंफार उमगलं. ते सांगतो.

आधी ‘आम्ही’ कोण, ते. गॅलप ही संस्था अनेक दशकं अमेरिकी लोकांना विचारत आली आहे की तुम्ही स्वतःला कुठल्या पक्षाचे समजता. अलीकडच्या वर्षांत दहातले चारपेक्षा जास्त लोक ‘इंडिपेंडंट’ असं उत्तर देतात. मराठीत अपक्ष म्हटलं की उमेदवार आठवतो, मतदार नाही, म्हणून मी ‘बिनपक्षी’ म्हणतो. (कुंपणावरचा म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे.) पण त्या आकड्याला भुलू नये. ‘मग त्यातल्या त्यात कुठे झुकता?’ असं पुढे विचारलं की बहुतेकजण एका बाजूचं नाव घेतात आणि वर्षानुवर्षं मतही तिकडेच टाकतात. खरोखर इकडचे ना तिकडचे असे दहात एखादाच निघतो.

त्या एखाद्याला मोडलेलं आश्वासन जास्त लागतं, कारण पक्षाच्या माणसाकडे स्पष्टीकरण तयार असतं. विरोधकांनी अडवलं, कोर्टाने खोडा घातला, माध्यमांनी बदनाम केलं. त्याचं नातं मुळात आश्वासनाशी नसतंच, पक्षाशी असतं. घरच्या माणसाने शब्द फिरवला म्हणून आपण त्याला घराबाहेर काढत नाही. बिनपक्षी मतदाराने मत दिलेलं असतं ते निव्वळ शब्दावर. तो शब्द गेला की त्याच्या हातात काहीच राहत नाही.

आता त्या शब्दाकडे वळू. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जगातला सर्वांत ताकदवान माणूस, असं आपण ऐकत आलेलो असतो. सैन्य पाठवण्याच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. देशांतर्गत कारभारात मात्र त्याची गत वाड्यातल्या अशा मालकासारखी आहे, ज्याच्या बहुतेक खोल्यांच्या किल्ल्या भाऊबंदांकडे आहेत. १७८७ साली फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केलं. नुकतंच एका राजाला झुगारलं होतं, दुसरा नको होता. म्हणून तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे गेली. (ही काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, अमेरिकेची संसद, ४३५ जणांचं प्रतिनिधिगृह आणि १०० जणांचं सिनेट.) कायदा करायचा तर दोन्ही सभागृहांची मंजुरी हवी. त्या कायद्याचा अर्थ लावण्याची किल्ली न्यायालयांकडे. निवडणुकीच्या व्यासपीठावर उभा राहिलेला उमेदवार मात्र ‘मी करीन’ एवढंच म्हणतो, जणू सगळा जुडगा त्याच्याच कमरेला आहे.

ग्वांतानामोचं उदाहरण घ्या, कारण त्यात सगळे पेच एकत्र सापडतात. क्युबातल्या अमेरिकी नाविक तळावरचा, दहशतवादाच्या संशयावरून पकडलेल्यांचा तो तुरुंग बंद करू, असं ओबामा २००८ च्या प्रचारात म्हणाले. त्यांचे प्रतिस्पर्धी मॅकेनही तेच म्हणत होते, म्हणजे मुद्दा फारसा वादाचा नव्हता. २२ जानेवारी २००९ ला, शपथ घेऊन दोनच दिवस झाले असताना, ओबामांनी आदेशावर सही केली: वर्षभरात तुरुंग बंद. तेव्हा तिथे सुमारे २४० कैदी होते. माझ्यासारख्याने टीव्हीवर ती सही पाहिली असेल, तर त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

पण कैदी हलवायचे म्हणजे पैसा हवा, आणि पैसा काँग्रेसचा. मे महिन्यात सिनेटने या कामासाठीचा निधी ९० विरुद्ध ६ मतांनी नाकारला. त्या सिनेटमध्ये बहुमत ओबामांच्याच पक्षाचं होतं. कैद्यांना आपल्या राज्यात आणायला कोण तयार होणार? डिसेंबरमध्ये इलिनॉयमधल्या थॉमसन गावचा एक तुरुंग शोधून काढला गेला, तीही योजना काँग्रेसने हाणून पाडली. पुढे दरवर्षीच्या संरक्षण खर्चाच्या विधेयकात ‘या कैद्यांना अमेरिकेत आणायला एक डॉलरही वापरायचा नाही’ अशी अट येत राहिली. ओबामा नापसंती नोंदवत आणि सही करत. एकदा, २०१५ मध्ये, त्यांनी असं विधेयक परतही पाठवलं, आणि पुढच्याच महिन्यात तीच अट असलेल्या सुधारित विधेयकावर सही केली. २०१७ च्या जानेवारीत ते पायउतार झाले तेव्हा ४१ कैदी उरले होते, आणि तुरुंग चालू होता.

याला आश्वासन मोडलं म्हणायचं का? कैदी दोनशेने कमी झाले, म्हणजे काम झालं नाही असं नाही. तुरुंग बंद झाला नाही, म्हणजे शब्द पाळला असंही नाही. अडवलं काँग्रेसने हे खरं, पण संरक्षणाच्या विधेयकावर अडून बसायची राजकीय किंमत त्यांना शेवटपर्यंत मोजायची नव्हती, हेही तितकंच खरं. माझ्या मते ‘करता आलं नाही’ आणि ‘तेवढ्यासाठी भांडायचं नव्हतं’ या दोन गोष्टी बहुतेक वेळा अशाच एकमेकींत मिसळलेल्या असतात. नेता नेहमी पहिली सांगतो. आपण चिडलेलो असतो तेव्हा दुसरीच धरून बसतो.

न्यायालयाच्या किल्लीचं उदाहरण बायडन यांचं. विद्यार्थ्यांच्या कर्जातले निदान १०,००० डॉलर माफ करू, असं ते २०२० च्या प्रचारात म्हणाले होते. २०२१ च्या जुलैमध्ये त्यांच्याच पक्षाच्या, प्रतिनिधिगृहाच्या सभापती नॅन्सी पलोसी यांनी जाहीरपणे सांगितलं की असा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नाही, त्यासाठी काँग्रेसचा कायदा लागेल. तरी २४ ऑगस्ट २०२२ ला, राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मधोमध येणाऱ्या काँग्रेसच्या निवडणुकीला अडीच महिने उरलेले असताना, घोषणा झाली: १०,००० डॉलर माफ, गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांसाठीचं पेल अनुदान घेतलेल्यांना २०,०००. आधार घेतला २००३ च्या एका जुन्या कायद्याचा. ३० जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी योजना रद्द केली. नंतर आधीपासून असलेल्या इतर योजनांमधून पन्नास लाखांहून जास्त लोकांची कर्जं माफ झाली. हे फार मोठं काम आहे. पण ज्याने ऑगस्टमधल्या घोषणेवर घराचा हिशोब बांधला होता आणि या इतर योजनांत जो बसत नव्हता, त्याच्या पदरात काय पडलं? माझा राग अशा ठिकाणी टिकून आहे. किल्ली आपल्याकडे नाही, किंवा असण्याबद्दल घरातलेच शंका काढताहेत, हे माहीत असताना ‘दार उघडतो’ म्हणणं म्हणजे अपयश नव्हे. ती त्याआधीची गोष्ट आहे.

आणखी एक कुलूप आहे, घटनेत कुठेही नसलेलं. सिनेटच्या स्वतःच्या नियमांमुळे बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवून मतदान घ्यायचं, तर १०० पैकी ६० जणांची संमती लागते. याला फिलिबस्टर म्हणतात. म्हणजे ५१ जागा जिंकलेला पक्ष ‘सत्तेत’ असतो, पण मोठा कायदा करू शकेलच असं नाही. अर्थसंकल्पाशी जोडलेल्या विधेयकांना यातून सूट आहे. पण तिथेही आपलेच लोक पाडू शकतात, कारण पक्षाचा आदेश मोडला म्हणून अमेरिकेत कुणाचं सदस्यत्व जात नाही. २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष, प्रतिनिधिगृह, सिनेट असं सगळं रिपब्लिकनांच्या हातात होतं. ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा रद्द करू हे त्यांचं सात वर्षांचं आश्वासन. जुलैअखेरच्या एका रात्री त्यांच्याच पक्षाचे सिनेटर मॅकेन यांनी सिनेटमध्ये अंगठा खाली केला आणि ४९ विरुद्ध ५१ मतांनी ते तिथेच आटोपलं. मेक्सिकोच्या पैशाने भिंत बांधू, या ट्रम्प यांच्या आश्वासनाबद्दल तर जास्त लिहायलाच नको. तिथे किल्ली दुसऱ्या देशाच्या खिशात होती.

इथवर वाचून वाटेल, नेते बिचारे अडकलेलेच असतात. तसं नाही. काही शब्द नेते स्वतःच्या हाताने मोडतात, आणि त्यातला एक तर मोडला ते बरंच झालं असं आता अनेकजण मानतात. ऑगस्ट १९८८, न्यू ऑर्लिन्समधलं रिपब्लिकन अधिवेशन. थोरले बुश म्हणाले, माझे ओठ नीट वाचा, नवे कर नाहीत. निवडून आले. काँग्रेसची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांकडे, तूट वाढत चाललेली. १९९० मध्ये तडजोड झाली: खर्चाला मर्यादा घालायच्या आणि कर वाढवायचे. प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर २८ टक्क्यांवरून ३१ वर गेला. दोन वर्षांनी विरोधकांनी तीच चित्रफीत पुन्हा पुन्हा दाखवली आणि बुश हरले. त्यांच्या पराभवाला मंदीसकट आणखीही कारणं होती, पण ते वाक्य त्यांना चिकटलं ते चिकटलंच. पुढे नव्वदच्या दशकाअखेरीला अर्थसंकल्प शिलकीत आला, त्याचं थोडं श्रेय त्या तडजोडीला दिलं जातं. आणि २०१४ मध्ये केनेडी यांच्या नावाने दिला जाणारा राजकीय धैर्याचा पुरस्कार बुश यांना मिळाला, नेमका ती करवाढ स्वीकारल्याबद्दल. शब्द मोडल्याबद्दल पुरस्कार! मला हे पचायला वेळ लागला. त्यांची चूक १९९० ची नव्हती, १९८८ ची होती. परिस्थिती काय वळण घेईल हे माहीत नसताना त्यांनी पळवाटच न ठेवणारं वाक्य उच्चारलं, कारण टाळ्या अशाच वाक्याला मिळतात.

युद्धाबद्दलच्या आश्वासनांचा इतिहास त्याहून काळा आहे. १९१६ मध्ये विल्सन यांच्या प्रचाराची घोषणा होती, ‘त्यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं’. नीट वाचा: ठेवलं, भूतकाळ. ठेवतील असं त्यात कुठेच नाही. मतदारांनी मात्र भविष्यकाळ ऐकला, आणि एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. ऑक्टोबर १९६४ मध्ये जॉन्सन ओहायोत म्हणाले की आशियाई मुलांनी जे स्वतः करायला हवं त्यासाठी आपण आपली मुलं नऊदहा हजार मैलांवर पाठवणार नाही. पाच महिन्यांनी, मार्च १९६५ मध्ये, मरीन तुकड्या व्हिएतनाममध्ये दा नांगच्या किनाऱ्यावर उतरल्या. इथे किल्ली त्यांच्याच हातात होती. काँग्रेसने १९६४ च्याच ऑगस्टमध्ये ती त्यांच्याकडे दिलेली होती.

आमच्या पिट्सबर्गचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३२ च्या प्रचारात रुझवेल्ट यांनी तिथे सरकारी खर्च २५ टक्के कमी करण्याचं वचन दिलं. पुढची चार वर्षं मंदीशी झुंजताना खर्च वाढतच गेला. १९३६ मध्ये पुन्हा पिट्सबर्गला भाषण करायचं होतं. त्या जुन्या वचनाचं काय सांगावं, असं त्यांनी भाषणं लिहून देणाऱ्या सॅम्युएल रोझेनमन यांना विचारलं. रोझेनमन यांनी सल्ला दिला म्हणतात, ‘आपण पिट्सबर्गला कधी गेलोच नव्हतो असं सांगा.’ रुझवेल्ट त्या वर्षी प्रचंड बहुमताने निवडून आले.

आता एक गोष्ट, जी माझ्या तक्रारीच्या विरोधात जाते. अभ्यासकांनी आश्वासनं मोजली आहेत. १२ देशांमधल्या ५७ निवडणूक प्रचारांतली वीस हजारांहून अधिक आश्वासनं तपासणारा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं ते असं, की ‘सगळे नेते थापाडे’ हे लोकांचं मत आणि प्रत्यक्ष हिशोब यांत बरंच अंतर आहे. जिथे एकाच पक्षाचं सरकार असतं, उदाहरणार्थ ब्रिटन, तिथे बहुतेक आश्वासनं निदान काही प्रमाणात तरी पुरी होतात; सत्ता वाटून घ्यावी लागली की प्रमाण घसरतं. पॉलिटिफॅक्ट ही पत्रकारांची संस्था राष्ट्राध्यक्षांच्या आश्वासनांचा तपशीलवार हिशोब ठेवते. ओबामांची त्यांनी पाचशेहून जास्त आश्वासनं धरली होती. निम्म्याच्या आसपास पाळली गेली, साधारण पाव हिश्श्यात तडजोड झाली, उरलेली बहुतेक मोडली.

मग लोकांना उलटं का वाटतं? पाळलेल्या आश्वासनाची बातमी एक दिवस असते, मोडलेल्याची चार वर्षं. शिवाय पाळली जातात त्यातली बरीच बारीकसारीक असतात: अमुक खात्याला निधी, तमुक नियमात बदल. आपण मत देतो ते मोठ्या दोनतीन गोष्टींसाठी, आणि मोठ्या गोष्टींनाच जास्त किल्ल्या लागतात. त्यामुळे पाचशेपैकी अडीचशे हा आकडा खरा असूनही मला त्याने समाधान मिळत नाही. माझ्या दोन त्या अडीचशेत नव्हत्या.

सगळ्यात उशिरा माझ्या लक्षात आलं ते हे, की आश्वासनं दिली जातात तेव्हा बिनपक्षी मतदार खोलीतच नसतो. उमेदवार ठरतात प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, फ्लोरिडा अशा राज्यांत तिथे फक्त नोंदणी केलेल्या पक्षसदस्यांना मत देता येतं. (न्यू हॅम्पशायरमध्ये बिनपक्षी मतदार कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. तिथल्या लोकांचा मला हेवा वाटतो.) प्रायमरीला येणारे लोक कमी आणि कट्टर. त्यांना जिंकायला उमेदवार कडक, ठाम, ‘पहिल्याच दिवशी’ छापाचे शब्द देतो. मग उन्हाळा जातो, नोव्हेंबरची निवडणूक जवळ येते आणि तोच उमेदवार आमच्याकडे वळतो. आता भाषा मवाळ. समजूतदार. ‘दोन्ही बाजूंना बरोबर घेऊन’ वगैरे. एका माणसाने दोन वेगळ्या गर्दींना दोन वेगळे शब्द दिलेले असतात, आणि दोन्ही पाळणं शक्य नसतं. पक्षाची माणसं पुढच्या प्रायमरीत त्याला पाडू शकतात. आम्ही नाही. मग कुणाचा शब्द मोडणं त्याला स्वस्त पडेल?

कायद्याने काही करता येतं का, असं एका मित्राने विचारलं. नाही. प्रचारातलं वचन हा करार धरला जात नाही, म्हणून कोर्टात दाद मागून काही निघत नाही. काही राज्यांत राज्यपालाला मुदतीआधी परत बोलावता येतं, कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये ग्रे डेव्हिस यांना तसं घालवलं. राष्ट्राध्यक्षासाठी आणि काँग्रेसच्या सदस्यांसाठी ती सोय नाही. तिसरा पक्ष? १९९२ मध्ये रॉस पेरो अपक्ष लढले, जवळजवळ १९ टक्के लोकांनी त्यांना मत दिलं. पण जवळपास प्रत्येक राज्यात पहिला येणारा त्या राज्याची सगळी निर्वाचक मतं घेऊन जातो, आणि राष्ट्राध्यक्ष ठरतो तो याच मतांवर. पेरो यांना देशभरात मिळून मिळालं शून्य.

उरते ती काँग्रेस, जिच्याकडे तिजोरीची किल्ली आहे. प्रतिनिधिगृह दर दोन वर्षांनी पूर्ण नव्याने निवडलं जातं, सिनेटच्या एकतृतीयांश जागाही तेव्हाच. ज्या राष्ट्राध्यक्षावर मी इतका चिडलो, त्याच्या कारकिर्दीच्या मधोमध अशी एक निवडणूक होती. माझ्या दोन्ही गोष्टी काँग्रेसमध्येच अडल्या होत्या, त्यातली एक सिनेटमधल्या मोजक्या मतांनी. मतदानाच्या त्या मंगळवारी मी काय करत होतो हे आठवायचा खूप प्रयत्न केला. ऑफिसला गेलो असणार. मतदानाला गेलो नव्हतो, एवढं नक्की.

आता उमेदवार ‘मी करीन’ म्हणाला की मी क्रियापद सोडून कर्ता शोधतो. आदेशाने होणारं आहे, की कायद्याने? कायद्याने असेल तर साठ मतं कुठून येणार, हे तो सांगतो का? याआधी किल्ली हातात असताना त्याने काय केलं? आणि हेच तो वसंतात त्याच्या पक्षाच्या सभेत कुठल्या शब्दांत म्हणाला होता? एवढं केल्यावर बहुतेक आश्वासनं विरघळून जातात. उरतात ती लहान असतात, थोडी कंटाळवाणी. मत देताना पूर्वीसारखं भारावल्यासारखं वाटत नाही, हे मात्र कबूल करतो.

आमच्या मतदारसंघात एकच पक्ष वर्षानुवर्षं जिंकतो. नोव्हेंबरची निवडणूक उपचारापुरती. खरी लढत प्रायमरीत. गेल्या खेपेला, मुदतीच्या दोन दिवस आधी, मी नोंदणीचा अर्ज पुन्हा उघडला आणि ‘कुठलाच नाही’ वरची खूण काढून त्या पक्षाच्या नावापुढे केली. बायको म्हणाली, ‘झालास एकदाचा पक्षाचा?’ मी म्हटलं, प्रायमरीपुरता. झाली की परत बदलतो.

प्रायमरी होऊन बरेच महिने झाले. अजून बदललेलं नाही.